राबाईला पळून आलेले लोक : नाशिकमध्ये वाढलेल्या एका आफ्रिकी पाद्र्यापुढचा पेच

प्रकरण थोडक्यात असं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत एका टेकडीवर ख्रिस्ती मिशनची वस्ती आहे. खाली समुद्राकाठी अरब आणि स्वाहिली मालकांच्या धान्याच्या आणि नारळाच्या जमिनी आहेत आणि त्या गुलाम कसतात. हे गुलाम रात्री-अपरात्री पळतात, टेकडी चढून मिशनच्या वस्तीत येतात आणि थारा मागतात. किनाऱ्यावरचा कायदा सांगतो की पळालेला गुलाम ही मालकाची मालमत्ता, ती परत करा. लंडनचं मिशन कार्यालय सांगतं की कायद्याच्या वाटेला जाऊ नका. आणि वस्तीचा कारभार ज्याच्या हातात आहे तो पाद्री स्वतः लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आहे.

त्याचं नाव विल्यम हेन्री जोन्स. जागा राबाई, आजच्या केनियात मोंबासापासून वीस-बावीस किलोमीटर आत. काळ साधारण १८८० ते १८८९. जोन्स लहानाचा मोठा झाला तो नाशिकला, शरणपुरात. म्हणून हे प्रकरण मराठीत लिहून ठेवावंसं वाटलं. एरवी मिशनच्या इतिहासात ते दोन-तीन ओळींत उरकलं जातं, आणि श्रेय भलत्याच माणसाला मिळतं.

टेकडी आणि तिच्यावरचे पहिले पाहुणे

राबाई हे जागेचं नाव तसंच तिथल्या समाजाचंही. मिजिकेंडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊ समाजांपैकी हा एक. या समाजांची जुनी वसती दाट जंगलातल्या तटबंद गावांत असे. त्या गावाला काया म्हणतात. गाव पुढे बाहेर सरकलं तरी काया पवित्र राहिली, तिथलं झाड तोडायचं नाही, तिथले विधी जाणत्या म्हाताऱ्यांनी करायचे. आपल्याकडे देवराई असते तसंच. राबाईच्या काया आज जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

या समाजाच्या जाणत्यांच्या संमतीनं योहान लुडविग क्राफ आणि योहान्स रेबमान हे दोन जर्मन मिशनरी ऑगस्ट १८४६ मध्ये टेकडीवर राहायला आले. दोघंही चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लिश संस्थेचे. क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला उतरला, आणि उतरल्यावर काही आठवड्यांतच त्याची बायको रोझिना आणि नवजात मुलगी तापानं गेली. टेकडी चढतानाही दोघा मिशनऱ्यांच्या अंगात ताप होताच.

पुढची तीस वर्षं भूगोलाच्या दृष्टीनं मोठी आणि मिशनच्या दृष्टीनं जवळजवळ रिकामी गेली. रेबमाननं १८४८ मध्ये किलिमांजारोचं बर्फ पाहिलं, क्राफनं १८४९ मध्ये केनिया पर्वत. विषुववृत्तावर बर्फ असल्याचं कळल्यावर लंडनचे विद्वान हसले. बाप्तिस्मा घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला पहिला म्रिंगे नावाचा अपंग माणूस, तोही मरणाच्या दारात असताना. क्राफ तब्येतीपायी परत गेला. रेबमान राहिला, शब्दकोश करत बसला आणि शेवटी आंधळा झाला. १८७५ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा एवढ्या वर्षांच्या कामाचं फळ म्हणून दाखवायला फार थोडं होतं.

म्हणजे जर्मन विद्वत्ता, चिकाटी आणि त्याग यांनी जी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची संगत, उभी राहिली नाही ती पुढच्या दहा वर्षांत शेकड्यांनी कशी वाढली, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. त्याचं उत्तर नाशिकमार्गे येतं.

शरणपूरची पोरं

ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडायचं. सुटलेली माणसं एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबई अशी कुठं कुठं उतरवली जायची. मुंबईत उतरलेल्या पोरांचं करायचं काय, हा सरकारपुढचा प्रश्न, कारण घर कुठं हे बऱ्याच जणांना सांगताही येत नव्हतं. काहींना घरकामाला दिलं गेलं, काही मिशनच्या ताब्यात गेली. चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली होती. विल्यम सॉल्टर प्राइस तिथला प्रमुख. १८६० च्या सुमारास आफ्रिकी मुलांचा आश्रमही तिथंच आला. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं, बायबल. शाळेत इंग्रजी, भोवताली मराठी आणि हिंदुस्तानी.

मुंबई आणि राबाई यांना जोडणारा एक धागा आधीपासून होता. मुंबईत या कामात पुढाकार घेणारा कार्ल इझेनबर्ग हा क्राफचा इथिओपियातला जुना सहकारी. ही मुलं शिकवून त्यांच्या खंडात परत पाठवावी, ही कल्पना अशा ओळखींतून मूळ धरू लागली.

मुलांना नावं मिळाली ती इथल्याच पाद्र्यांची. सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कारस फरार. मूळ नाव आणि मूळ भाषा बहुतेकांची वाटेतच सुटली. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये भारतात आला तेव्हा त्यानं यांतली नऊ मुलं शेवटच्या सफरीसाठी बरोबर घेतली, आणि मग वाटेत त्यांच्या आळशीपणाबद्दल रोजनिशीत पानंच्या पानं कुरकुर केली. १८७२ मध्ये आणखी काही नाशिककर त्याच्याकडे पोचले. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावात वारला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचली ती त्यांच्यातल्या जेकब वेनराइटनं, आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं तेही त्यानंच. लिव्हिंग्स्टनचे सेवक चुमा आणि सुसी यांची नावं जास्त गाजली. चुमाही मुंबईत शिकलेला. त्याचा बाप्तिस्मा झाला तो ज्यांच्या नावानं गिरगाव चौपाटीसमोर कॉलेज उभं आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांच्या हस्ते.

ही प्रसिद्ध कथा. आपल्या प्रकरणाची माणसं मात्र वेगळी आहेत. १८६४ मध्ये, म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या त्या सफरीआधीच, शरणपूरहून तीन तरुण त्यांच्या बायकांसह रेबमानच्या मदतीला गेले: जॉर्ज डेव्हिड, इश्मेल सेमलर आणि विल्यम जोन्स. जोन्स न्यासा सरोवराकडच्या याओ समाजातला. म्हणजे राबाईही त्याचं गाव नव्हतंच. खंड तेवढा तोच, बाकी लोक परके आणि भाषाही परकी. रेबमानशी या तिघांचं जमलं नाही. जोन्स आणि सेमलर मधल्या काळात भारतात परतले, डेव्हिड चिकटून राहिला.

चित्र पालटलं ते १८७३ नंतर. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर झांझिबारला वाटाघाटींसाठी गेले, त्याच वर्षी जूनमध्ये सुलतान बर्गाशनं करारावर सही केली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वसाहत हवी, असं फ्रीअर यांचं म्हणणं. मग प्राइसला नाशिकहून मिळालेल्या अनुभवाच्या जोरावर मोंबासाला धाडलं गेलं आणि १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर फ्रीअर टाउन उभं राहिलं. भारतातून सुमारे दीडशे आफ्रिकी तिकडे गेले. किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे’ म्हणत. शाळामास्तर, सुतार, उपदेशक, दुभाषे, सगळे तेच. आरमारानं पकडलेल्या गलबतांतली नवी माणसं तिथं उतरायची आणि या बॉम्बेवाल्यांच्या हाताखाली शिकायची.

गोऱ्या मिशनऱ्यांना हे लोक हवे होते आणि खुपतही होते. चांगलं इंग्रजी बोलतात, कोट-पाटलोण घालतात, पगाराची विचारणा करतात. ‘गर्विष्ठ’ हा शब्द त्यांच्याबद्दलच्या पत्रव्यवहारात सारखा येतो. वसाहतीचा अधीक्षक स्ट्रीटर याच्या काळात तर तुरुंग आणि फटके सुरू झाले. गुलामीतून सोडवलेल्या माणसांच्या पाठीवर मिशनचे वळ उठले. बभ्रा झाला, चौकशी झाली, स्ट्रीटरला जावं लागलं आणि निस्तरायला १८८१-८२ मध्ये प्राइस पुन्हा आला. मिशनच्या चांगुलपणाबद्दल बोलताना हे बाजूला ठेवता येत नाही.

कायद्याची बाजू

इथं थोडं थांबून कायदा नीट समजून घेऊ, कारण सगळा पेच त्यात आहे.

१८७३ च्या करारानं समुद्रावरचा गुलामांचा व्यापार आणि उघडे बाजार बंद झाले. १८७६ मध्ये सुलतानानं जमिनीवरून गुलामांचे तांडे नेण्यावरही बंदी घातली. पण गुलाम *बाळगणं* कायदेशीरच राहिलं. मोंबासा सुलतानाच्या राज्यात होतं. तिथला जमीनदार आपले गुलाम राजरोस राबवू शकत होता, आणि पळाला तर परत मागू शकत होता.

त्यामुळे मिशनच्या दारात दोन प्रकारची माणसं उभी राहायची. एक, आरमारानं समुद्रावर सोडवलेली. त्यांच्यामागे ब्रिटिश सरकार. दुसरी, किनाऱ्यावरच्या जमिनीतून आपल्या पायांनी पळालेली. स्वाहिलीत त्यांना वाटोरो म्हणत. त्यांच्यामागे कुणीही नाही. पहिल्याला घेणं पुण्याचं काम, दुसऱ्याला घेणं चोरीचा माल ठेवून घेणं. दोघांची बोली एक, अंगावरचे वळही एकच. फरक एवढाच की एकाला गलबतावर चढवून झालं होतं.

मिशनचं अधिकृत धोरण स्पष्ट होतं: वाटोरोंना थारा नाही. याला निव्वळ भेकडपणा म्हणणं मला पटत नाही. मोंबासाचे मालक हत्यारबंद होते आणि फ्रीअर टाउनवर चालून जाण्याच्या धमक्या वेळोवेळी येत. तिथं एक मोठी घंटा टांगली होती, हल्ला आला तर वाजवायला. ती जागा आजही मोंबासात घंटेच्याच नावानं ओळखली जाते. धमक्या पोकळ नव्हत्या, हे फुलाडोयोला दिसलं. गिरियामा या दुसऱ्या मिजिकेंडा समाजाच्या मुलखात अबे न्गोवा या रेबमानच्या शिष्याच्या आधारानं पळालेल्या गुलामांची एक ख्रिस्ती वस्ती वाढली होती. १८८३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि तिचा पुढारी डेव्हिड कोई मारला गेला. केनियाचा पहिला ख्रिस्ती हुतात्मा म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच्या वस्तीत गोरा मिशनरी एकही नव्हता.

जोन्सनं काय केलं

१८८० च्या दशकात राबाईचा रोजचा कारभार मुख्यतः जोन्सच्या हातात आला. फ्रीअर टाउन मोंबासाच्या नजरेसमोर होतं. राबाई तसं नव्हतं. खाडीच्या टोकापर्यंत होडीनं जायचं आणि पुढे चढण. सुलतानाचा अंमल तिथं नावापुरता, आणि राबाई जाणते कुणाच्या हुकमात नव्हते.

जोन्सपुढे तीन वाटा होत्या. येणाऱ्याला परत पाठवायचं. किंवा उघड जाहीर करायचं की इथं आलेला माणूस सुटला. पहिल्या वाटेनं माणूस मालकाच्या हाती जातो, दुसऱ्या वाटेनं सगळी वस्तीच जाते. जोन्सनं तिसरी धरली. येणाऱ्याला झोपडीपुरती जागा द्यायची, मका आणि कसाव्याला तुकडा द्यायचा, पोरांना शाळेत बसवायचं, आणि वर कळवायच्या आकड्यांत याची फारशी वाच्यता करायची नाही. नियमाला विरोध नाही आणि त्याची अंमलबजावणीही नाही.

मध्ये दुष्काळ आला. १८८४ च्या सुमाराचा तो दुष्काळ किनाऱ्यावर इतका कडक होता की माणसं स्वतःची पोरं धान्यासाठी गहाण टाकत होती. गहाण पडलेलं पोर पुढे विकलं जायचं, आणि हे करणारे फक्त अरब नव्हते. मिजिकेंडा कुटुंबांतही गहाणवट आणि गुलाम होते. म्हणजे राबाईला येणाऱ्यांत एखाद्याचा मालक शेजारच्याच गावातला निघे. टेकडी ज्यांची, त्यांच्याच ओळखीपाळखीतला. अशा वेळी जोन्सला जाणत्यांशी बोलून, समजूत घालून, कधी काही देऊन घेऊन मिटवावं लागलं असणार. मिशनच्या वस्तीतल्या लोकांना वामिशेनी, मिशनवाले, असं वेगळं नाव पडलं होतं ते उगाच नाही. राबाईंच्या लेखी ते पाहुणे, आणि पाहुण्यांची संख्या यजमानांच्या डोळ्यांवर यावी इतकी होत चालली होती.

याच काळात जोन्सच्या वाट्याला एक दुसरीच कामगिरी आली. नवा बिशप जेम्स हॅनिंग्टन यानं ३१ मे १८८५ रोजी जोन्स आणि सेमलर यांना डीकन, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. आजच्या केनियातले हे पहिले आफ्रिकी अँग्लिकन पाळक, आणि दोघंही नाशिकचे. दोन महिन्यांच्या आत हॅनिंग्टन जोन्सला घेऊन मसाई मुलखातून युगांडाकडे निघाला. सुमारे दोनशे माणसांचा काफिला. व्हिक्टोरिया सरोवराच्या अलीकडे क्वा सुंडू इथं बिशपनं बहुतेक काफिला जोन्सच्या ताब्यात ठेवला आणि स्वतः पन्नासेक माणसं घेऊन पुढे गेला. बुगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकमावरून २९ ऑक्टोबरला बुसोगात त्याला आणि बरोबरच्या बहुतेकांना मारण्यात आलं. वाचलेले चार जण मागे येऊन बातमी सांगून गेले.

जोन्स तिथं आणखी काही आठवडे थांबला, बिशप जिवंत असल्याची काही खबर येते का पाहत. मग उरलेला काफिला घेऊन तो परत फिरला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये राबाईला पोचला. काफिल्याच्या पुढे एक निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरं शिवलेली: ईखाबोद. बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकात देवाच्या कराराचा पवित्र कोश शत्रूच्या हाती गेल्यावर एलीची सून मरता मरता आपल्या बाळाचं हे नाव ठेवते. वैभव गेलं, असा त्याचा अर्थ. टेकडीवरच्या बायका नवऱ्यांची वाट पाहत होत्या. त्यांच्यातल्या कित्येकींना निशाण वाचता येत नव्हतं, आणि कोण आलं नाही हे कळायला त्याची गरजही नव्हती.

हॅनिंग्टनवर इंग्लंडात पुस्तकं निघाली. काफिला उपाशीपोटी, आजारी, शेकडो किलोमीटर परत आणणारा माणूस त्या पुस्तकांत ‘विश्वासू जोन्स’ म्हणून येतो आणि जातो. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हा विश्वासू माणूस नियम धाब्यावर बसवणारा म्हणून मिशनसमोर उभा राहिला.

१८८८

इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीला सप्टेंबर १८८८ मध्ये राजसनद मिळाली आणि तिचा प्रशासक जॉर्ज मॅकेन्झी ऑक्टोबरमध्ये मोंबासाला उतरला. वेळ वाईट होती. दक्षिणेकडच्या जर्मन पट्ट्यात ऑगस्टपासून अबुशिरीच्या पुढारीपणाखाली उठाव पेटला होता. जर्मनांनी किनाऱ्यावरच्या लोकांना न विचारता झेंडे लावले आणि लोकांनी ते उपटले. मोंबासातही तेच होईल, ही धास्ती.

मोंबासाच्या मालकांचं नव्या गोऱ्यांशी पहिलं भांडण तयारच होतं. आमचे गुलाम तुमच्या पाद्र्यांनी पळवलेत. ते टेकडीवर बसलेत. आधी ते द्या.

प्राइस त्या वर्षी तिसऱ्यांदा फ्रीअर टाउनला आलेला होता. वाटोरोंना ठेवू नका, हा आदेश त्यानं नव्यानं बजावला. मिशनची जाहीर भूमिका अशी की आमच्याकडे पळालेले फारसे नाहीतच. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा ते शेकड्यांनी निघाले. सगळ्यात जास्त राबाईत, बाकीचे इतर मिशन वस्त्यांत, त्यांत मेथडिस्टांच्याही. एकूण सुमारे १४००.

या घडीला प्राइस आणि जोन्स समोरासमोर आहेत ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्राइस शरणपूरचा गुरू. बंदरावर उतरवलेल्या अनाथ आफ्रिकी पोरांना आपण माणसांत आणलं, हे त्याच्या आयुष्याचं काम. जोन्स त्या कामाचा सगळ्यात सरस नमुना. आता गुरू वही घेऊन शिष्याच्या वस्तीत नावं मोजतो आहे आणि दर नावागणिक आदेश मोडल्याचा पुरावा वाढतो आहे. पण या दोघांनी केलेलं एकच होतं. शरणपूरच्या मुलांसाठी सरकारी परवाना होता, राबाईच्या माणसांसाठी नव्हता.

मॅकेन्झी व्यापारी माणूस. त्यानं नीतीच्या वादात न पडता हिशेब मांडला. माणसं परत दिली तर इंग्लंडातले गुलामीविरोधक कंपनीचं नाव मातीत घालतील. दिली नाहीत तर मोंबासा पेटेल. तेव्हा विकत घ्यायची. दर माणशी २५ मारिया थेरेसा डॉलर (किनाऱ्यावर चालणारं चांदीचं नाणं) मालकाला द्यायचे आणि त्या बदल्यात मालकानं हक्क सोडायचा. मालक तयार झाले. जे हातातून गेलंच होतं त्याचे पैसे येत होते. रकमेचा भार कंपनीबरोबर ब्रिटिश सरकार आणि मिशनचे इंग्लंडातले हितचिंतक यांनीही उचलला.

१ जानेवारी १८८९ रोजी राबाईला मुक्तिपत्रं वाटली गेली. प्रत्येकाचं नाव पुकारलं जायचं, माणूस पुढे यायचा, कागद घ्यायचा. वर्षानुवर्षं या वस्तीत ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर येऊ नये यासाठी धडपड चालली होती, त्यांची नावं आता मोठ्यानं वाचली जात होती. कागद घेणाऱ्या काहींनी तोवर राबाईत लग्नं केली होती, पोरं शाळेत होती, १८८७ मध्ये झालेल्या सेंट पॉल देवळात त्यांची उपासनेची जागा ठरलेली होती. कायद्यानं ते त्या दिवशी सुटले, संसार आधीच मांडून झाला होता.

या घटनेचं श्रेय त्या काळच्या इंग्रजी वृत्तांतांत मॅकेन्झीला आणि कंपनीला मिळालं. जोन्सनं दहा वर्षं दडवून ठेवली नसती तर मॅकेन्झीला सोडवायला १४०० माणसं मिळालीच नसती, हे कुणी लिहिलं नाही.

श्रद्धेचं काय?

आता अवघड भाग. हे लोक ख्रिस्ती झाले ते श्रद्धेनं, की आसऱ्यासाठी?

तेव्हाच्या मिशनऱ्यांनाही ही शंका छळत होती. आपल्याकडे नगर भागात १८७६-७७ च्या आणि नंतर १८९९-१९०० च्या दुष्काळात जे ख्रिस्ती झाले त्यांनाही ‘पोटासाठी बाटले’ हे ऐकावं लागलंच. टोमण्याचा रोख दोन्हीकडे एकच: गरजवंताच्या श्रद्धेवर विश्वास ठेवायचा नाही.

मला ही विभागणी कामाची वाटत नाही, आणि राबाईपुरतं तरी ती चूक असल्याचं दिसतं. राबाईला येऊन राहणं ही फुकटची सोय नव्हती. बाप्तिस्म्यासाठी प्रश्नोत्तरी पाठ करायची, अक्षर ओळखायचं, एकाच बायकोबरोबर राहायचं. आणि माडी सोडायची. राबाईत नारळाची माडी म्हणजे नुसतं पेय नाही. लग्न, तंटामुक्ती, पितरांचं देणं, जाणत्यांची बैठक, सगळं तिच्यावर चालतं. ती नाकारणारा माणूस शेजाऱ्यांच्या कुठल्याच बैठकीत बसू शकत नाही. वाटोरोंना मात्र ही अट राबाईंइतकी जड गेली नाही, कारण त्यांना त्या बैठकीत मुळात जागाच नव्हती. त्यांचे पितर, त्यांची काया, त्यांचं गोत शेकडो मैल मागे राहिलं होतं. गुलामीनं त्यांच्याकडून सगळ्यात आधी काय घेतलं असेल तर ही नाती.

मंडळीनं ती नवी दिली. नाव दिलं, लग्नाला साक्षीदार दिले, मेल्यावर पुरायला माणसं दिली. क्राफ आणि रेबमान राबाईंना सांगत होते की तुमचं गोत सोडा आणि या. त्यांना गोत होतं, ते कशाला येतील? जोन्स ज्यांच्याशी बोलत होता त्यांना ते नव्हतं, आणि बोलणाऱ्यालाही नव्हतं. मंडळी वाढली ती यामुळे, असं माझं मत. उपदेशाचा मजकूर तोच होता, सांगणारा आणि ऐकणारा बदलला.

यात एक तोटाही होता आणि तो लपवायला नको. मंडळी पळून आलेल्यांची झाली म्हणून राबाई तिच्याकडे बराच काळ परक्यांचं देऊळ म्हणूनच पाहत राहिले. जमीन राबाईंची, वस्ती वामिशेनींची. मुक्तिपत्रावर माणूस मोकळा झाल्याचं लिहिलं होतं, तो राहतो ती जमीन कुणाची हे लिहिलेलं नव्हतं.

नंतर

तडजोडीत एक अट होती: यापुढे पळून येणाऱ्यांना मिशननं ठेवायचं नाही. म्हणजे १ जानेवारीला ज्याच्या हातात कागद पडला तो सुटला आणि त्यानंतर टेकडी चढणारा पुन्हा चोरीचा माल ठरला. कंपनीला मजूर हवे होते, मालकांची मर्जी हवी होती. टेकडीवरचं दार उघडं ठेवणं तिला परवडणारं नव्हतं.

जोन्स आणि सेमलर यांना धर्मगुरूपदाची पूर्ण दीक्षा मिळायला १८९५ उजाडलं. डीकन होऊन दहा वर्षं झाली होती. त्या दशकात बॉम्बेवाल्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन पगार आणि दर्जा यांच्या मागण्या मिशनपुढे ठेवल्या. गोऱ्या मिशनऱ्याचा आणि त्यांचा पगार यांत जमीन-अस्मानाचं अंतर, आणि काम पाहिलं तर अनेकदा उलट. नव्यानं येणारे तरुण इंग्रज मिशनरी जोन्ससारख्या माणसालाही हाताखालचा समजत. १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं, मिशनचं लक्ष आणि पैसा वरच्या मुलखात, किकुयूंच्या आणि युगांडाच्या दिशेनं गेला, आणि फ्रीअर टाउन व राबाई मागे पडले.

किनाऱ्यावरची गुलामी कायद्यानं संपली ती १९०७ मध्ये. त्या कायद्यातही नुकसानभरपाई होती आणि तीही मालकांनाच. राबाईत १८८९ साली ठरलेली हिशेबाची रीत सरकारनं अठरा वर्षांनी तशीच पुढे चालवली.